ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्यांसाठी शिसे (बेळगाव सीमाभाग)

नळीच्या तोंडातून दारू, चिंधी आणि गोळी गजाने ठासून भरल्या जाणाऱ्या बंदुकीसाठी लागणारे मऊ शिसे, ते परवडणाऱ्या दरात मिळविण्याचे मार्ग आणि त्यापासून गोळ्या ओतण्याची पद्धत यांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेस, विशेषतः खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी व लोंढा या पट्ट्यात, तसेच लगतच्या हल्याळ व जोयडा तालुक्यांत भात, ऊस, रताळी व काजू या पिकांना रानडुकरे आणि गवे यांचा उपद्रव होत असल्याने पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका येथील शेतकरी घरांत आढळतात. परवान्यावर त्यांची नोंद ‘एसबीएमएल’ (एकनळी) किंवा ‘डीबीएमएल’ (दुनळी) अशी असते.

या भागात शिशाची खाण नाही. जिल्ह्याचा उत्तर भाग बेसाल्टाचा, तर उर्वरित भाग कलादगी मालेतील गाळखडकांचा व धारवाडी खडकांचा आहे. भारतातील शिशाचे मोठे उत्पादन राजस्थानातील जावर व रामपुरा-आगुचा यांसारख्या खाणींतून येते. परिणामी या प्रदेशात शिसे नेहमीच बाहेरून आले, किंवा एकदा वापरून झालेले पुन्हा वितळवून घेतले गेले. स्वस्त शिशाचा प्रश्न त्यामुळे जुना आहे, आणि त्याचे मूळ समजण्यासाठी पुरवठ्याच्या इतिहासाकडे पाहावे लागते.

कोल्हापूर येथे सापडलेली कुर या प्राचीन स्थानिक घराण्यातील राजांची नाणी शिशाची आहेत, आणि बेळगाव शहरालगतच्या वडगाव-माधवपूर येथील उत्खननाने सातवाहनकालीन नगरवस्तीचे अस्तित्व दाखविले आहे. म्हणजे इसवी सनाच्या प्रारंभीच्या शतकांत या पट्ट्यात शिशाचा वापर परिचित होता. ते कोठून येत असे, याविषयी मतभेद आहेत. रोमन लेखक प्लिनीने भारतात तांबे व शिसे नसून रत्ने व मोती देऊन ते घेतले जातात असे लिहिले आहे, आणि ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारवर्णनात भडोच व केरळातील मुझिरिस या बंदरांच्या आयातीत शिशाचा उल्लेख येतो. यावरून काही अभ्यासक सागरी आयातीवर भर देतात, तर इतर राजस्थान व आंध्रमधील प्राचीन खाणकामाकडे लक्ष वेधतात. प्लिनीचे विधान सरसकट खरे मानता येत नाही, कारण जावर येथील खाणकाम प्राचीन असल्याचे आता मान्य आहे; तथापि पश्चिम दख्खनपुरते पाहिल्यास बंदर व घाट यांवाटे होणारा पुरवठा अधिक संभवनीय वाटतो.

बंदुकीची गोळी म्हणून शिशाचा वापर या भागात केव्हा सुरू झाला, हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बहमनी वजीर महमूद गावान याने इ.स. १४७२ च्या सुमारास बेळगावच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात तटाखाली सुरुंग लावून दारूचा स्फोट केल्याचे फिरिश्ता या फारसी इतिहासकाराने नमूद केले असून, दख्खनमधील दारूच्या वापराचा हा अगदी आरंभीचा प्रसंग म्हणून अनेकदा सांगितला जातो. मात्र फिरिश्त्याने ही हकिकत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लिहिली, आणि त्याच्या काळात रूढ झालेली युद्धपद्धती त्याने मागील काळावर आरोपित केली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. हकिकत जशीच्या तशी स्वीकारली तरी तिच्यातून फक्त दारूचा पुरावा मिळतो. सुरुंगाला शिसे लागत नाही. त्या काळच्या तोफांतून दगडाचे व पुढे लोखंडाचेही गोळे टाकले जात. हातात धरून झाडायच्या बंदुकीला मात्र नळीत घट्ट बसणारी, जड व सहज ओतता येणारी गोळी लागते आणि त्यासाठी शिशाला सोयीचा पर्याय नव्हता. म्हणून गोळीसाठीच्या शिशाची नियमित मागणी पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतर, सोळाव्या शतकात तोड्याच्या (जळत्या वातीने दारू पेटविणाऱ्या) बंदुकीच्या प्रसाराबरोबर वाढली असावी, हे मत येथे अधिक ग्राह्य धरले आहे. पोर्तुगीजांपूर्वी अरबी समुद्रावरील व्यापारातून हातबंदुका आल्या असाव्यात असे मानणारा पक्षही आहे व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

सतराव्या शतकात इंग्रज कंपनीच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारात बनातीबरोबर (लोकरी कापडाबरोबर) शिसे हा विक्रीचा माल होता. राजापूर व कारवार येथे इंग्रजांच्या, तर वेंगुर्ल्यास डचांच्या वखारी होत्या, आणि वेंगुर्ला-बेळगाव यांना जोडणारा रामघाट हा जुना व्यापारी मार्ग होता. किनाऱ्यावरील शिसे याच वाटांनी वर येत असावे. तोड्याच्या बंदुकीमागून चकमकीच्या ठिणगीने दारू पेटविणारी (पथरकला) आणि एकोणिसाव्या शतकात स्फोटक टोपीवर घाव घालून झाडायची टोपीची बंदूक आली. चाप बदलला, गोळीचा धातू मात्र तोच राहिला.

ब्रिटिश अमलात शस्त्रांइतकेच त्यांच्या सामग्रीवरही लक्ष ठेवले गेले. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याविरुद्ध मुधोळ संस्थानातील हलगली येथील बेरडांनी केलेला उठाव प्रसिद्ध आहे. त्यानंतरच्या १८७८ च्या शस्त्र अधिनियमातील युद्धसामग्रीच्या व्याख्येत शिसे, गंधक व सोरा यांचा नावाने उल्लेख असून, अधिसूचनेद्वारे त्यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. गावपातळीवर शिशाची खरेदी कशी होत असे, याचे उल्लेख मात्र तुरळक आहेत.

शुद्ध शिशाचा वितळबिंदू ३२७.५° से., घनता दर घ.सेंमी.ला ११.३४ ग्रॅम आणि ब्रिनेल कठिनता (धातूचा कठीणपणा मोजण्याचा अंक) सुमारे ५ आहे. ठासणीच्या बंदुकीसाठी हा मऊपणा महत्त्वाचा ठरतो. आटे (आतून कोरलेले सर्पिल खाचे) असलेल्या नळीत चिंधीत गुंडाळलेली मऊ गोळी आट्यांची पकड घेते. गुळगुळीत नळीत ही गरज कमी असली तरी मऊ गोळी गजाच्या हलक्या दाबाने दारूवर नीट टेकते. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचा धोका असतो, म्हणून हा मुद्दा केवळ नेमबाजीपुरता मर्यादित नाही. १२.५ मिमी. व्यासाची शुद्ध शिशाची गोळी सुमारे ११.६ ग्रॅम भरते, म्हणजे एक किलोत साधारण ८६ गोळ्या होतात. बारा बोअरच्या नळीइतक्या, १८.५ मिमी. व्यासाच्या गोळ्या मात्र २६ च होतात. बोअरचा आकडाच मुळी एका पौंड शिशातून नळीच्या मापाच्या किती गोळ्या होतात यावरून ठरलेला आहे. जुन्या, हातघडणीच्या बंदुकांचे व्यास एकसारखे नसल्याने प्रत्येकीसाठी साचा वेगळा लागतो.

धातुबाजारात शिशाचा दर रोज बदलतो. या दशकात तो बहुतांशी किलोला १५० ते २०० रुपयांच्या दरम्यान राहिला असून त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा पडतो. भंगारातील शिसे याहून स्वस्त मिळते, परंतु त्याची पारख करावी लागते. जुन्या भूमिगत केबलींवरील शिशाचे वेष्टन, जुने शिशाचे नळ व क्ष-किरण खोल्यांच्या भिंतींतून निघालेले पत्रे हे जवळजवळ शुद्ध असल्याने सर्वोत्तम होत. केबलीचे वेष्टन चोरीचे असण्याचा संभव असल्यामुळे ते पावतीशिवाय घेऊ नये. कारवार, गोवा व मालवण या किनाऱ्यांवरील मासेमारीच्या जाळ्यांची जुनी वजनेही सहसा मऊ असतात. गाड्यांच्या चाकांच्या समतोलासाठी लावलेली वजने टायरच्या दुकानांत सहज मिळतात, पण त्यांत अँटिमनी असल्याने ती शुद्ध शिशाच्या सुमारे दुप्पट कठीण असतात, आणि आता त्यांत जस्ताची व पोलादाची वजनेही मिसळलेली असतात. जस्त ४१९.५° से.ला वितळते, त्याचे थोडे प्रमाणही शिशात उतरल्यास रस साच्यात नीट भरत नाही व संपूर्ण घाणा वाया जातो. म्हणून अनोळखी भंगार वितळविताना तापमान ४००° से.च्या आत ठेवून वर तरंगणारे तुकडे काढून टाकतात.

छापखान्यांतील खिळे हा बेळगावसारख्या मुद्रणाची परंपरा असलेल्या शहरातील एक विशेष स्रोत होय. ऑफसेट छपाई रूढ झाल्यावर जुळणीचे खिळे भंगारात निघाले. लायनोटाइप या यांत्रिक जुळणीच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी व ४ टक्के कथील असते, तर हाताने जुळविण्याच्या खिळ्यांत अँटिमनी याहून बरेच अधिक असते. असा धातू ठासणीच्या गोळीसाठी फार कठीण पडतो, आणि तेवढ्याच व्यासाची गोळी वजनालाही हलकी भरते. शिवाय देवनागरी खिळ्यांचे संच आता दुर्मीळ होत चालले आहेत. ते वितळविण्यापेक्षा जतन होणे अधिक इष्ट आहे.

वाहनांच्या बॅटऱ्यांतील शिसे सर्वांत स्वस्त दिसते, तरीही ते घरी वितळवू नये. त्याच्या पट्ट्यांत शिशाचे सल्फेट व गंधकाम्ल असते; मिश्रधातूत अँटिमनी, आर्सेनिक वा कॅल्शियम असल्याने त्याच्या मळीचा (वितळताना वर येणाऱ्या अशुद्ध थराचा) ओलाव्याशी संबंध आल्यास आर्साइन व स्टिबाइन हे अत्यंत विषारी वायू निर्माण होऊ शकतात. जुन्या बॅटऱ्यांची विल्हेवाट २००१ च्या आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२२ च्या नियमांनुसार अधिकृत पुनर्चक्रण यंत्रणेमार्फतच व्हावी लागते. तेथे शुद्ध होऊन विटांच्या रूपाने बाजारात येणारे शिसे मात्र निर्धोकपणे वापरता येते.

पारख करण्याची साधी रीत अशी की मऊ शिशावर नखाचा ओरखडा उठतो, कागदावर घासल्यास करडी रेघ उमटते आणि फरशीवर टाकल्यास बद्द आवाज येतो. कठीण मिश्रधातू खणखणतो. वितळलेल्या रसात मेणाचा तुकडा किंवा कोरडा लाकडी भुसा टाकून ढवळल्यावर मळी वर येते, ती काढून ३७० ते ४२०° से.च्या दरम्यान तापलेला रस आधीच गरम केलेल्या साच्यात ओततात. साच्याच्या तोंडाशी उरणारे टोक कापतात आणि गोळी भरताना ती बाजू वर ठेवतात. रसात पाण्याचा थेंब पडल्यास वाफेचा स्फोट होऊन शिसे उडते. त्यामुळे पावसाळ्यात, तसेच ओलसर भंगारावर, हे काम करू नये.

कायद्याच्या दृष्टीने, १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनविण्याची यंत्रसामग्रीही येत असल्याने, साचा बाळगण्यापूर्वी व गोळ्या ओतण्यापूर्वी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी खुलासा घेणे आवश्यक ठरते. कोडगूतील कोडवा समाजाला असलेली परवान्याची सूट या जिल्ह्यांना लागू नाही. बंदुकीच्या परवान्याने वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली स्वतंत्र परवानगी लागते. २०११ पासून भीमगड हे अभयारण्य असल्याने खानापूरच्या पश्चिम भागात या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात तसा आदेश निघाल्यास बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात.

शरीरातील शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानली जात नाही, आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. ओतकामात वाफेपेक्षाही मळीच्या बारीक धुळीचा धोका मोठा असतो, कारण ती हातावाटे अन्नात जाते. म्हणून हे काम उघड्या हवेत, स्वयंपाकाच्या भांड्यांपासून व मुलांपासून दूर करावे, नंतर हात साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत आणि मळी शेतात किंवा विहिरीजवळ न टाकता बंद डब्यात साठवून पुनर्चक्रणासाठी द्यावी.