सही आहे म्हणून पोस्टर मूळ ठरत नाही

फ्रेंच सायकल-जाहिरातींच्या जुन्या पोस्टरांबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो: कोपऱ्यात चित्रकाराची सही दिसली की प्रत अस्सल. हे चूक आहे. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकने 1896 मध्ये ‘ला शेन सिम्पसाँ’ हे सायकलच्या साखळीचं पोस्टर केलं. अशा शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून केलेल्या छपाईत, सही चित्रासोबत दगडावरच असते; त्यामुळे ती प्रत्येक प्रतीवर छापली जाते आणि आजच्या नकलेवरही येते.

खरी तपासणी दहापट भिंगाने करा. फिकट रंगाचा भाग बघा, कारण गडद भागात छपाईचे ठिपके एकमेकांत मिसळतात. सारख्या अंतरावर, ओळीत बसलेले ठिपके दिसले तर ती ऑफसेट, म्हणजे आधुनिक यंत्रछपाईची, नक्कल. शिळाछापात क्रेयॉनचे वेडेवाकडे कण आणि सलग रंग दिसतात. इथेच घोळ होतो: लोत्रेक ब्रशने शाई शिंपडत असे. ते शिंतोडे लहानमोठे, विस्कळीत असतात. त्यांना छपाईचे ठिपके समजून अस्सल प्रत नाकारू नका.

मग माप घ्या. ‘ला शेन सिम्पसाँ’चं मूळ पोस्टर साधारण 83 × 120 सेंमी आहे. ‘मेत्र द लाफिश’ या गाजलेल्या पोस्टरांच्या छोट्या आवृत्त्यांच्या मालिकेतली प्रत जेमतेम 29 × 40 सेंमीची, पण तीही त्याच काळातली शिळाछापच. तिला नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे.