निवासी इमारतींचा सांगाडा आणि पर्यावरण

घराचा भार जमिनीपर्यंत पोहोचवणारे पाया, कॉलम, बीम, स्लॅब आणि भारवाहक भिंती म्हणजे इमारतीचा सांगाडा. तो कशाचा आणि कसा बांधायचा या निवडीचा पर्यावरणावरील परिणाम मुख्यतः ‘अंगीभूत कार्बन’ या मापाने मोजतात. कच्चा माल खणणे, भाजणे-वितळवणे, वाहून आणणे, बांधकाम, दुरुस्ती आणि अखेरचे पाडकाम यांतून जेवढे हरितगृह वायू बाहेर पडतात, तेवढा त्या इमारतीचा अंगीभूत कार्बन. घरातली वीज पुढे कधीही वाचवता येते. दिवे बदलता येतात, छतावर सौरपटले बसवता येतात. सांगाड्याचा बहुतेक कार्बन मात्र कुटुंब राहायला येण्याआधीच हवेत गेलेला असतो.

सर्वांत मोठा वाटा सिमेंटचा. जगभरातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के सिमेंट उद्योगातून येतो. भट्टी सुमारे १,४५०° से. पर्यंत तापवावी लागते. पण नुसते इंधन बदलून भागत नाही, कारण वायू सिमेंटचा कच्चा माल असलेल्या चुनखडकाच्या अंगातच असतो. शुद्ध चुनखडक १,००० किग्रॅ. भाजला, तर ५६० किग्रॅ. चुना उरतो आणि ४४० किग्रॅ. कार्बन डायऑक्साइड निघून जातो. म्हणून सिमेंटमधील क्लिंकर (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) कमी करून फ्लाय ॲश (कोळशाच्या वीजकेंद्रातील राख), झोतभट्टीतील स्लॅग (लोखंड वितळवताना निघणारी मळी) किंवा भाजलेली चिकणमाती मिसळतात. फ्लाय ॲश आणि स्लॅगमुळे काँक्रीटची ताकद सावकाश चढते, तेव्हा सेंट्रिंग (ओले काँक्रीट तोलणारा तात्पुरता आधार) उतरवण्याची घाई चालत नाही. पोलादाचे गणित वेगळे आहे : खनिजापासून झोतभट्टीत केलेल्या १ टन पोलादामागे सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भंगार वितळवून केलेल्या सळईमागे त्याहून कितीतरी कमी.

साहित्यावर भरपूर वाद होतात, पण ते किती लागणार हे आराखड्यातच ठरते, आणि खरी बचत तिथेच आहे. बहुमजली घरांत काँक्रीटचा फार मोठा हिस्सा स्लॅबमध्ये जातो. १५० मिमी. जाडीच्या आरसीसी स्लॅबचा एक चौरस मीटर सुमारे ३७५ किग्रॅ. भरतो. स्लॅब आडवा कापून पाहिला, तर गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) मध्यावर दाब वरच्या थरात असतो आणि ताण खालच्या सळया घेतात. मधले-खालचे काँक्रीट बरेचसे सळयांना धरून ठेवण्यापुरतेच. तेवढे वगळून तिथे कौले किंवा पोकळ ठोकळे भरता येतात, किंवा फासळ्यांचा स्लॅब घालता येतो. गाळा ४ मी.वरून ६ मी. केला, तर तेवढ्याच भाराखाली वाकवणारा परिणाम सव्वादोनपट आणि झोल पाचपट होतो. साहजिकच स्लॅब जाड होतो, वजन वाढते, आणि ते वजन पेलायला कॉलम व पायाही वाढतात. भूकंपप्रवण भागात हे दुहेरी महाग पडते, कारण भूकंपाचा धक्का वस्तुमानाच्या प्रमाणात बसतो.

वाहनतळाचाही यात मोठा हात आहे. खाली गाड्यांसाठी कॉलम हलवले, की वरच्या घरांचे कॉलम अवाढव्य ट्रान्सफर बीमवर, म्हणजे त्यांचा भार बाजूच्या कॉलमांकडे वळवणाऱ्या बीमवर, उभे करावे लागतात. तळघर केले, तर खोदाई आणि भिंती आल्या. राहणाऱ्याला याचा एक चौरस मीटरही मिळत नाही.

लाकडाच्या कोरड्या वजनापैकी जवळपास निम्मा कार्बन असतो, आणि इमारत उभी असेपर्यंत तो तिथेच राहतो. मात्र जंगल पुन्हा वाढवले नाही किंवा पाडकामानंतर लाकूड जाळले, तर हा लाभ राहत नाही. हलकेपणाचीही किंमत असते. नॉर्वेतील म्योस्टॉर्नेट या ८५.४ मी. उंच लाकडी इमारतीत (२०१९) वाऱ्याने होणारे डोलणे आवरण्यासाठी वरच्या मजल्यांना मुद्दाम काँक्रीटचे स्लॅब घातले आहेत.

डेन्मार्कने १ जानेवारी २०२३ पासून १,००० चौ. मी.पेक्षा मोठ्या नव्या इमारतींच्या जीवनचक्रातील उत्सर्जनावर वर्षाला प्रति चौ. मी. १२ किग्रॅ. ही मर्यादा घातली होती; २०२५ मध्ये ती आणखी कडक झाली. त्यात सांगाडाही मोजला जातो.

सर्वांत कमी कार्बन लागतो तो उभा असलेला सांगाडा टिकवण्यात. त्यासाठी तो आधी तपासावा लागतो. काँक्रीटच्या ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलीन हे अल्कता दाखवणारे रसायन फवारतात. जिथे तो गर्द गुलाबी होतो तिथे अल्कता शाबूत असते आणि सळईला त्या अल्कतेचे संरक्षण असते. बेरंग पट्टा सळईपर्यंत पोहोचलेला दिसला, तर गंजाची शक्यता धरून दुरुस्तीचा विचार करावा लागतो.