बालकांतील विषाणुजन्य यकृतविकार : जनुकीय जोखीम

विषाणुसंसर्गानंतर मुलाच्या यकृताला गंभीर इजा होण्याची शक्यता वाढवणारे आनुवंशिक घटक. हिपॅटायटिस ए बहुतेक लहान मुलांना कावीळही न होता होऊन जातो. क्वचित एखाद्या धडधाकट मुलाचे यकृत मात्र त्याच संसर्गात काही दिवसांत निकामी होते. अशा काही मुलांच्या बाबतीत कारण त्यांच्या जनुकांत सापडले आहे.

हिपॅटायटिस एचा विषाणू यकृतपेशी स्वतः फारशा मारत नाही. नासधूस करते ती मुख्यतः शरीराची प्रतिकारयंत्रणा. इंटरल्यूकिन-१८ हे प्रथिन मारक पेशींना चेतवते आणि आयएल१८बीपी जनुकापासून बनणारे प्रथिन त्याला आवर घालते. या आजाराने दगावलेल्या ११ वर्षांच्या एका मुलीत या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आवर घालणारे प्रथिनच नसल्याने मारक पेशी यकृतावर तुटून पडल्या. असे दोष अत्यंत विरळ आहेत.

एनबीएएस जनुकाच्या दोषात कोणता विषाणू हा प्रश्नच गौण ठरतो. साध्या सर्दीतापातही रक्तातील यकृताची एन्झाइमे (यकृताला इजा झाल्याची खूण) भराभर वाढतात, कारण सदोष प्रथिन तापात टिकाव धरत नाही. दोन झटक्यांच्या मधल्या काळात यकृत बहुधा पूर्ववत चालते. त्यामुळे अशा मुलाचा ताप लगेच उतरवणे आणि शिरेतून ग्लुकोज देणे हेच मुख्य उपचार.

२०२२ मध्ये स्कॉटलंडसह अनेक देशांत, मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांत, अज्ञात कारणाने यकृतदाह आढळू लागला. ग्लासगोच्या संशोधकांना ३२ पैकी २६ रुग्णांत एएव्ही२ हा विषाणू सापडला. तो एकट्याने वाढू शकत नाही, त्याला अडिनोव्हायरससारख्या दुसऱ्या विषाणूची साथ लागते. तोवर तो निरुपद्रवीच समजला जाई. त्याहून बोलका आकडा जनुकांचा होता. एचएलए जनुके प्रतिकारयंत्रणेला परके घटक ओळखायला मदत करतात; तपासलेल्या २७ मुलांपैकी २५ जणांत त्यांचा एचएलए-डीआरबी१*०४:०१ हा प्रकार होता, तर तुलनेच्या गटात ६४ पैकी १० जणांत. नमुना लहान आहे, हे विसरता येत नाही. शिवाय हा प्रकार बाळगणाऱ्या बहुसंख्य मुलांना असा आजार कधीच होत नाही, म्हणून निरोगी मुलांची सरसकट चाचणी करण्यात अर्थ नाही.

हिपॅटायटिस बीमध्ये एचएलए-डीपी जनुकांचा संबंध दिसला असला, तरी तिथे वय अधिक निर्णायक असते : जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९०% बाळांत तो कायमचा राहतो.

यकृत अचानक निकामी होऊन कारण सापडत नसेल, तर जनुकतपासणी उपयोगी पडते. एनबीएएसचा दोष प्रत्यारोपणाआधी कळला, तर यकृत स्वतःहून सावरण्याची वाट पाहायची का, हे ठरवता येते. असा दोष अप्रभावी (आई व वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच आजार होणारा) असल्याने सख्ख्या भावंडातही तो असण्याची शक्यता २५% असते. म्हणून त्यांचीही तपासणी सुचवली जाते.