कानातला बिल्ला आणि अंगावरचे ठिपके : कुकी व ब्राउझरचा ठसा

ब्राउझरमधल्या कुकी पुसल्या की आपला मागही पुसला गेला, असे समजणारी चांगली शिकलेली माणसे मला नेहमी भेटतात. त्यांच्या समजुतीत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात आणि त्यामुळेच त्यांचा उपाय अर्धवट राहतो.

आमच्या उदगीर भागात जनावर ओळखण्याच्या दोन रीती आहेत. सरकारी नोंदीसाठी त्याच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारतात. जाणता शेतकरी मात्र बिल्ला न पाहताच, शेवरा देवणी गाईच्या पांढऱ्या अंगावरील काळ्या ठिपक्यांवरून, शिंगांच्या ठेवणीवरून आणि चालीवरून भरल्या बाजारात आपली गाय ओळखतो. कुकी हा बिल्ला आहे, तर ब्राउझरचा ठसा, ज्याला फिंगरप्रिंट म्हणतात, तो म्हणजे हे ठिपके.

कुकी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी तयार केली. संकेतस्थळ एक छोटी नोंद आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते आणि पुढच्या भेटीत ती परत वाचते. लॉगिन टिकते ते याच सोयीमुळे. त्रास होतो तो अनेक संकेतस्थळांवर पसरलेल्या जाहिरात कंपन्यांच्या कुकींचा. सफारीने २०२० पासून अशा तृतीय पक्षाच्या कुकी सरसकट अडवल्या, फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवण्याची सोय सर्वांसाठी आपोआप लागू केली, क्रोमने मात्र त्या बंद करण्याचा बेत मागे घेतला. कसेही असले तरी कुकी आपल्या उपकरणात असते, म्हणून ती दिसते आणि काढताही येते.

ठशाचे तसे नाही, कारण तो आपल्याकडे कोणी ठेवलेलाच नसतो. स्क्रीनचा आकार, वेळेचा विभाग, भाषा, ब्राउझरची आवृत्ती अशी माहिती पान नीट उघडावे म्हणून ब्राउझर स्वतःच देत असतो. त्यात भर म्हणून संकेतस्थळ पडद्याआड एक लहानसे चित्र काढून घेते. ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरनुसार त्यात बारीक फरक पडतो, आणि तो फरक मोजता येतो. एखाद्या फाँटचे नाव देऊन अक्षरांची रुंदी मोजली की तो फाँट संगणकात आहे की नाही, हेही कळते. आपल्याकडच्या डीटीपीच्या दुकानांना हा मुद्दा विशेष लागू पडतो, कारण कृतिदेव किंवा श्रीलिपी ही नावे ज्या स्क्रिप्टला ठाऊक असतील, तिच्या दृष्टीने असा संगणक लगेच हजारोंतून वेगळा पडतो.

अशाच एका दुकानात मी डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन या संस्थेची, ब्राउझरचा ठसा किती वेगळा आहे हे दाखवणारी ‘कव्हर युअर ट्रॅक्स’ ही चाचणी चालवली. मग दुकानदाराने कुकी आणि हिस्टरी पुसली, क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडली आणि चाचणी पुन्हा केली. पडद्याआडच्या त्या चित्राच्या रकान्यातली, चित्राची ओळख सांगणारी अक्षरांची लांब माळ जशीच्या तशी होती. “सगळं पुसलंय की सर, मग ह्याला कसं कळालं?” असे त्याने विचारले. पुसण्यासारखे तिथे काही नव्हतेच. यंत्र तेच होते.

याच संस्थेच्या २०१० च्या अभ्यासात ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय ठरले होते. २०१८ मध्ये एका फ्रेंच संकेतस्थळावरील वीस लाखांहून अधिक ठसे तपासले, तेव्हा हे प्रमाण ३३.६ टक्के निघाले आणि मोबाइलवर त्याहूनही कमी, म्हणून सर्वांचाच ठसा अनन्य असतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ठसा अनन्य नसला, तरी आयपी पत्त्याशी, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाशी, जोडला की माग काढायला तो बहुतेक वेळा पुरतो.

त्यामुळे दोहोंवरचे उपाय जवळजवळ उलट दिशेचे आहेत. कुकीसाठी पुसणे आणि अडवणे पुरते; ठशासाठी इतरांसारखे दिसावे लागते. गोपनीयतेच्या काळजीने ब्राउझरमध्ये सात-आठ एक्स्टेन्शन, म्हणजे जोड-साधने, बसवणारा माणूस अनेकदा आपल्या अंगावर नवे ठिपकेच उमटवून घेतो. ओळख लपवण्यासाठीच बनवलेला टोर ब्राउझर फाँट मर्यादित ठेवतो, खिडकीचा आकार ठरावीक मापांत बसवतो, आणि त्याचे सगळे वापरकर्ते लाल कंधारी गाईंच्या कळपासारखे एकाच रंगाचे दिसतात. ब्रेव्ह या ब्राउझरची रीत वेगळी आहे : तो दर सत्रात आणि दर संकेतस्थळासाठी उत्तरांत थोडा फेरफार करतो, म्हणजे ठिपके असतात पण ते बदलत राहतात. रोजच्या वापरासाठी मला ब्रेव्ह किंवा फायरफॉक्सचे कडक संरक्षण अधिक व्यवहार्य वाटते, कारण टोरवर पाने सावकाश उघडतात आणि अनेक ठिकाणी आपण यंत्रमानव नसल्याचे सिद्ध करावे लागते. बँकाही फसवणूक ओळखण्यासाठी उपकरणाची ओळख वापरतात, म्हणून बँकेचे व्यवहार नेहमीच्या ब्राउझरवरच ठेवावेत. आणि एखाद्या खात्यात लॉगिन केलेले असेल, तर त्या कंपनीपुरते हे सारे उपाय फोल आहेत, कारण तिथे आपण आपले नावच सांगितलेले असते.

ब्राउझरची भाषा मराठी ठेवली तर ठसा थोडा अधिक विरळा होतो, हे खरे आहे. तरीही ओळख लपवण्यासाठी आपली भाषा सोडावी, असे मी कोणालाही सांगणार नाही. त्या दुकानदाराने डीटीपीच्या संगणकावर मराठीच ठेवली आहे, आणि घरच्यांच्या आजारपणाची माहिती तो आता तिथे शोधत नाही. त्यासाठी त्याने फोनवर, कोणत्याही खात्यात लॉगिन न करता, वेगळा ब्राउझर ठेवला आहे.