पस्तिसाव्या किलोमीटरला मन काय करतं?

जानेवारी जवळ आला की व्हॉट्सॲपवर दोन गोष्टी जोडीने फिरू लागतात. एक म्हणजे 'मी अमुक संस्थेसाठी मुंबई मॅरेथॉन धावतोय, जमेल तेवढी मदत करा' असं म्हणणारी लिंक. दुसरं म्हणजे तिच्याखालचं वाक्य : 'मॅरेथॉन पायांनी नाही, मनाने धावतात.' पहिलीबद्दल काहीच तक्रार नाही. दुसरं मात्र निम्मंच खरं आहे, आणि त्याचा उरलेला निम्मा भाग लोकांना पेडर रोडच्या चढावर आडवा येतो.

मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये हा चढ परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या आसपास लागतो. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हेही कळत नाही. पण तोवर ऊन वर आलेलं असतं, हवेत समुद्राचा दमटपणा असतो, आणि शरीरातला एक साठा तळाला गेलेला असतो.

हिशेब सोपा आहे. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,७५० किलोकॅलरी हव्यात. शरीरात साखर साठते ती ग्लायकोजेनच्या रूपात : यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास आणि सगळ्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. ग्रॅमला चार धरले तर झाले २,०००. त्यातही हातांच्या स्नायूंतली साखर पायांच्या उपयोगाची नाही, कारण स्नायूंमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) नसतं. ते नसल्यामुळे स्नायूने साठवलेली साखर मोकळं ग्लुकोज होऊन रक्तात उतरू शकत नाही, ती त्याच स्नायूत जळते. रक्तातली पातळी सांभाळायचं काम एकट्या यकृताचं.

मग चरबी कशासाठी आहे? सडपातळ माणसाच्या अंगावरही सत्तर-ऐंशी हजार किलोकॅलरींची चरबी असते. कोठीत धान्य भरपूर आहे, पण जातं सावकाश फिरतं. ग्लायकोजेन म्हणजे डब्यातलं दळलेलं पीठ. बऱ्याच हौशी धावपटूंचं शरीर मिनिटाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच चरबी जाळू शकतं, म्हणजे साडेचार किलोकॅलरी. साडेचार तासांत मॅरेथॉन पुरी करायची तर आपल्या ६५ किलोच्या माणसाला मिनिटाला दहा लागतात. डबा रिकामा झाला आणि सगळा भार चरबीवर आला की गणिताप्रमाणे त्याला एका किलोमीटरला चौदा-साडेचौदा मिनिटं लागतील. ही चालण्याची गती झाली. धावणारे ज्याला 'वॉल' म्हणतात ती हीच. त्याच सुमारास यकृतातला साठाही आटतो, रक्तातली साखर उतरते आणि मेंदू कुरकुरायला लागतो. चिडचिड होते, किलोमीटरचे आकडे वजा करता येत नाहीत, 'कशाला आलो इथे' असं वाटू लागतं. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेवर डॉक्टरांनी धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा हाल झालेल्यांची साखर फार उतरलेली होती. पुढच्या वर्षी आधीपासून पिष्टमय आहार आणि वाटेत गोड गोळ्या दिल्यावर बरीच सुधारणा दिसली. शंभर वर्षं झाली या गोष्टीला. तरीही त्या क्षणी माणूस स्वतःला सांगतो की आपलं मन कच्चं आहे.

इथवर सगळं इंधनाचं झालं. आता वाक्यातल्या खऱ्या निम्म्या भागाकडे येऊ, तो भलताच गमतीचा आहे.

तासाभराच्या जोरदार सायकलिंगमध्ये ग्लायकोजेन संपत नाही. तरीही अशा चाचणीत साखरेचं पाणी प्यायलेले लोक थोडे लवकर पोहोचतात, असं दिसत होतं. का? ब्रिटनमधल्या संशोधकांनी आधी सायकलस्वारांच्या शिरेतून थेट मिनिटाला एक ग्रॅम ग्लुकोज सोडून पाहिलं. रक्तात साखर भरपूर, वेळेत मात्र फरक शून्य. मग २००४ साली त्यांनी उलटं केलं. नऊ सायकलस्वारांना साधारण तासाभराचं ठरावीक काम पुरं करायला सांगितलं. दर साडेबारा टक्के काम झालं की २५ मिलिलिटर पाणी तोंडात घ्यायचं, पाच सेकंद खुळखुळवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. एकदा ते पाणी साधं होतं, एकदा त्यात ६.४ टक्के माल्टोडेक्स्ट्रिन होतं. हा पिष्टाचा तुकडा जवळजवळ बेचव असतो, त्यामुळे कुठलं पाणी कोणतं हे ओळखता येत नव्हतं. माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्याने लोक जवळपास तीन टक्के लवकर पोहोचले. पोटात एक कणही गेला नव्हता.

शिरेतली साखर काही करत नाही आणि थुंकून टाकलेली साखर वेग वाढवते, याचा अर्थ काय लावायचा? २००९ साली त्याच गटाने मेंदूची चित्रं घेतली. तोंडात ग्लुकोज असताना मेंदूतले बक्षिसाशी आणि हालचालीशी जोडलेले भाग, म्हणजे स्ट्रायटम आणि अग्र सिंग्युलेट, जागे होत होते. बेचव माल्टोडेक्स्ट्रिननेही ते होत होते. कृत्रिम गोडी असलेल्या सॅकरीनने होत नव्हते. म्हणजे गोड चवीपेक्षा वेगळ्या कुठल्या तरी वाटेने तोंड मेंदूला कळवतं की अन्न येतंय. आणि तेवढ्या निरोपावर मेंदू हात सैल सोडतो. पायांत ताकद आधीपासूनच होती. ती वापरण्याची परवानगी तेवढी वाढली. सकाळी भरपेट खाऊन आलेल्यांवर हा परिणाम कमी दिसतो. पोटात आधीच अन्न आहे म्हटल्यावर या निरोपाला किंमत कमी असणार, एवढं तर्काला धरून आहे.

परवानगी हा शब्द मी सैलपणे वापरला, तो जरा घट्ट करू. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी कष्टाची जाणीव मोजायला ६ ते २० अशी पट्टी केली. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. इटालियन संशोधक सॅम्युएल मार्कोरा यांच्या मांडणीत माणूस थांबतो तो स्नायू संपले म्हणून नव्हे. ही जाणीव त्याच्या तयारीच्या मर्यादेला भिडली म्हणून थांबतो. त्यांचा २००९ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. सोळा जणांना एकदा दीड तास संगणकावर डोकं शिणवणारं अक्षरांचं काम दिलं आणि एकदा दीड तास माहितीपट दाखवला. मग सायकलवर बसवून ठरावीक जोराने, जमेल तितका वेळ पेडल मारायला लावलं. माहितीपटानंतर सरासरी ७५४ सेकंद, शिणलेल्या डोक्याने ६४० सेकंद. हृदयाची गती आणि रक्तातलं लॅक्टेट (जोरदार कष्टात वाढणारा पदार्थ) यांनी हा फरक समजावता येत नव्हता. फरक होता तो कष्टाच्या आकड्यात : पहिल्या मिनिटापासून तो चढाच होता.

हा आकडा मेंदू कुठून काढतो? मार्कोरा म्हणतात, मेंदूचा चालक बाह्यक, म्हणजे हालचाली घडवणारा भाग, स्नायूला हुकूम सोडतो तेव्हा त्या हुकमाची एक प्रत संवेदनेच्या भागांकडेही जाते, ती प्रत म्हणजेच कष्टाची जाणीव. स्नायू दमला की त्याच कामाला मोठा हुकूम लागतो, प्रतही मोठी होते. दीर्घ मानसिक कामाने अग्र सिंग्युलेटमध्ये ॲडेनोसिन हे थकव्याशी जोडलेलं रसायन साचतं आणि तीच जाणीव फुगते, असं एक गृहीतक आहे. कॅफीन ॲडेनोसिनचा संदेश घेणाऱ्या जागा अडवतं, कॅफीनने धावणं सोपं का वाटतं हे त्यातून जुळतं. पायांतून वेदना-थकव्याच्या खबरा आणणाऱ्या बारीक चेतातंतूंचे ('क' आणि 'अ-डेल्टा' गट) संदेश या जाणिवेत किती भर घालतात, यावर मात्र शास्त्रज्ञांत अजून चांगलीच जुंपलेली आहे.

त्या तंतूंबद्दलच एक प्रयोग सांगायलाच हवा. २००९ साली आठ सायकलस्वारांच्या कण्यात फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक टोचून पायांकडून येणारे वेदनेचे संदेश दाबले आणि त्यांना पाच किलोमीटरची शर्यत लावली. सुरुवातीला ते सुसाट सुटले. नंतर जोर ओसरला आणि एकूण वेळेत काही फायदा झाला नाही. मांडीचे स्नायू मात्र नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निकामी झाले, काहींना सायकलवरून उतरून नीट चालता येईना. वेदना ऐकूच न येणं म्हणजे कणखरपणा, असं समजणाऱ्यांनी ही शर्यत डोळ्यांसमोर आणावी.

जाता जाता : मनोबल वाढवण्याच्या नावाखाली कंपन्यांच्या शिबिरांत लोकांना निखाऱ्यांवरून चालवतात. लाकडाच्या कोळशाची आणि वरच्या राखेची उष्णतावहनाची क्षमता कमी असते, पाऊल टेकतं ते क्षणभरच. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे गावोगावी, कुठल्याही मंत्राशिवाय करून दाखवत आले आहेत. त्यातून मॅरेथॉनची तयारी होत नाही. तसंच 'इच्छाशक्ती ही साखरेवर चालणारी टाकी आहे' हे पुस्तकी मत. त्याच्या मुळाशी असलेला परिणाम, म्हणजे एका कामात संयम खर्ची पडला की पुढच्याला कमी उरतो हा, २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून तपासला, तेव्हा जवळपास शून्य निघाला.

आता दानाकडे. मार्कोरांच्या मांडणीत दोन दोऱ्या आहेत : कष्टाची जाणीव, आणि माणूस किती कष्ट सोसायला तयार आहे ती वरची मर्यादा. संस्थेसाठी धावणं दुसरी दोरी ओढतं. चाळीस ओळखीच्यांनी पैसे दिले आहेत, शाळेतल्या मुलांचं नाव छातीवरच्या नंबरपट्टीवर (बिबवर) आहे, म्हटल्यावर बोर्गच्या पट्टीवर १७ ला थांबणारा माणूस १९ पर्यंत जातो. देणाऱ्याच्या बाजूनेही असंच काहीसं घडतं. ऑलिव्होला आणि शफीर यांनी २०१३ साली दाखवलं की नुसत्या सहलीला येऊन दान देण्यापेक्षा, स्वतः कष्ट किंवा वेदना सोसून द्यायचं असेल तर लोक जास्त द्यायला तयार होतात. नवस फेडायला अनवाणी चालणाऱ्यांच्या समाजाला याचं नवल वाटायचं कारण नाही. मुंबईत ही देणगी मॅरेथॉनच्या सेवाभागीदारामार्फत, म्हणजे युनायटेड वे मुंबईमार्फत, नोंदणीकृत संस्थांकडे जाते. शर्यतीची प्रवेश फी हे दान नव्हे, आणि दानावरची आयकर सवलत (८०जी) जुन्या करप्रणालीतच मिळते, एवढं लिंक पाठवताना सांगून टाकावं.

पण वरची मर्यादा उचलल्याने डब्यात पीठ पडत नाही. म्हणून तयारीचा मोठा हिस्सा पहिल्या दोरीवर खर्च करावा. शर्यतीआधीचे दीड-दोन दिवस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं घ्यावीत; ६० किलोच्या माणसाला ४८० ते ६००. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम असतात, एका केळ्यात पंचवीसेक. इथे नेहमी फसतं ते असं की लोणी ओतलेली पावभाजी किंवा दाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी 'कार्ब लोडिंग' म्हणून चापली जाते. पोट लोण्याने आणि कुटाने आधी भरतं. मऊ भात, साधी कांजी, पोहे, गूळ-पोळी, उकडलेला बटाटा बरा. वजन किलो-दीड किलोने वाढलं तर घाबरू नये, ग्लायकोजेन प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरतं.

धावताना तासाला ३० ते ६० ग्रॅम, म्हणजे साधारण दीड ते अडीच जेल (धावताना घ्यायच्या घट्ट गोड पाकाच्या पुड्या). पहिलं चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. आतड्यात ग्लुकोज शोषणारा वाहक तासाला साठेक ग्रॅमवर भरतो. त्याहून जास्त नुसतं ग्लुकोज ढकललं की ते आतड्यात पाणी ओढतं आणि पुढचे किलोमीटर संडास शोधण्यात जातात. फ्रुक्टोजचा वाहक वेगळा असल्याने मिश्रण असेल तर ९० पर्यंत जाता येतं, पण त्यासाठी आतड्यांनाही लाँग रनमध्ये सराव हवा. शर्यतीच्या दिवशी वाटेत कुणी दिलेलं नवं जेल घेऊ नये. आणि पेडर रोडच्या पायथ्याशी पोट काही घेत नसेल, तर गोड पेय तोंडात खुळखुळवून थुंकावं. संपलेला साठा त्याने भरत नाही, आणि मॅरेथॉनच्या शेवटी त्याचा किती उपयोग होईल हेही प्रयोगशाळेतल्या तासाभरावरून सांगता येत नाही. पण नुकसान काहीच नाही.

मनाचा सराव यानंतर. २०१४ च्या एका अभ्यासात चोवीस जणांपैकी निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलायची वाक्यं ठरवून वापरायला शिकवलं. त्यांचा दमेपर्यंतचा वेळ १८ टक्क्यांनी वाढला, आणि मध्यावर कष्टाचा आकडा उतरला. मधल्या टप्प्याला दोन वाक्यं आणि शेवटच्याला दोन, एवढी पुरेत. 'खांदे सोड, पावलं छोटी' यासारखं शरीराला काम सांगणारं वाक्य नुसत्या 'हार मानू नकोस'पेक्षा मला जास्त उपयोगी वाटतं. ती शेवटच्या तीन-चार लाँग रनमध्ये ठरलेल्या किलोमीटरला वापरून पाहावीत. बत्तिसाच्या पुढे सरावात जायची गरज नाही, आणि शेवटची लांब धाव शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरकावी. शर्यतीच्या आदल्या दिवशी एक्स्पोत, म्हणजे बिब घ्यायच्या प्रदर्शनात, तासन्‌तास उभं राहणं, रात्री उशिरापर्यंत देणगीच्या मेसेजना उत्तरं देणं टाळावं. तो दीड तासाचा संगणक लक्षात असेलच.

दानासाठी धावणाऱ्याला एक जास्तीचा धोका असतो. वरची मर्यादा उचललेली असल्यामुळे तो चुकीच्या वेळीही थांबत नाही. छातीत दाब किंवा दुखणं, घाम फुटायच्या हवेत अंगावर काटा, दिशा न कळणं, आणि बोटं सुजून डोकं दुखत उलटी होणं, यांतलं काही झालं की जवळच्या वैद्यकीय तंबूत जायचं. शेवटची लक्षणं बहुतेकदा पाणी कमी पडल्याची नसतात, जास्त झाल्याची असतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीच्या खाली उतरलेलं होतं, आणि त्याचा सगळ्यात ठळक संबंध धावताना वजन वाढण्याशी होता. दर टेबलावर घोट घ्यायलाच हवा असं नाही, तहान लागेल तसं प्यावं. लिंक पाठवतानाच दात्यांना कळवून ठेवावं की देणगी संस्थेला आहे, पदकाला नाही. मध्येच थांबलो तरी पैसे तिथेच पोहोचतील.