घरातल्या शुश्रूषेला सरकारी मदत: निकष कसे बदलत गेले

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी कोल्हापुरातलं घर अजूनही पहिल्यांदा संजय गांधी किंवा श्रावणबाळ या राज्याच्या मासिक पेन्शन योजनांकडेच वळतं. अर्ज तहसील कार्यालयात जातो. सोबत उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधारशी जोडलेलं बँक खातं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी, म्हणजे दिवसरात्रीत बारा वेळा, कूस बदलावी लागते. त्याची नोंद कुठेच होत नाही.

याचं मूळ जुनं आहे. संजय गांधी योजना 1980 ची, निराधारांसाठी. 1995 मध्ये केंद्राची वृद्ध पेन्शन आली: 65 वर्षांवरचे निराधार, दरमहा 75 रुपये. 2007 मध्ये 'निराधार'ऐवजी 'दारिद्र्यरेषेखालील' अशी अट झाली आणि 2011 मध्ये वय 60 वर आलं. पण ही रेषा 2002 च्या पाहणीची. तिच्या 13 प्रश्नांत जमीन, घर, कपडे, कर्ज होतं. घरात कुणी आजारी पडून आहे का, हा प्रश्नच नव्हता. यादीत नाव नसेल, तर श्रावणबाळच्या दुसऱ्या गटातून 65 वर्षांनंतर अर्ज करता येतो. तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत हवं, म्हणजे महिना 1,750. 2023 पासून पेन्शनच 1,500 आहे!

दिव्यांगत्वाची वाट निराळी. केंद्राच्या 2009 च्या दिव्यांग पेन्शनला 80 टक्के दिव्यांगत्व लागतं, संजय गांधी योजनेला 40. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, पार्किन्सनही आला. स्मृतिभ्रंश मात्र नावानिशी नाही. जर्मनीतही 1995 च्या शुश्रूषा-विम्यात मदतीची मिनिटं मोजत आणि असेच विसरभोळे रुग्ण निसटत. 2017 मध्ये त्यांनी मोजमापच बदललं. आपल्या कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण पेन्शनची पात्रता अजून टक्क्यांवरच अडते.

अर्धांगवायूत खरी अडचण इथे येते. टक्के सहसा सहा महिन्यांनंतर ठरवतात, आणि सर्वांत जास्त हात लागतात ते याच सहा महिन्यांत. मग गगनबावड्याहून सुमारे 55 किलोमीटर, गाडीच्या मागच्या सीटवर आडवं घालून, कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी आणावं लागतं.