‘अल्लाह’ हा शब्द फक्त मुसलमानांचा?

माहीममध्ये दर्गाही आहे आणि सेंट मायकल चर्चही. तरी तिथेही ऐकू येतं, ‘अल्लाह हा मुसलमानांचा वेगळा देव, ते नाव इस्लामबरोबर आलं.’ हे खरं नाही.

अरबीत ‘इलाह’ म्हणजे देव. त्याला ‘अल’ (इंग्रजी ‘the’सारखा शब्द) लागून ‘अल्लाह’ झालं, असं बहुतेक भाषातज्ज्ञ मानतात. पैगंबरांच्या वडिलांचं नाव अब्दुल्लाह, म्हणजे अल्लाहचा सेवक. ते इस्लाम सुरू होण्याआधीच वारले होते! हा एक पुरावाच मला पुरेसा वाटतो. आजही लेबनॉन-इजिप्तमधले ख्रिस्ती अरबीत प्रार्थना करताना ‘अल्लाह’च म्हणतात, त्यांच्या बायबलातही तोच शब्द. माल्टाचे कॅथलिक ‘आल्ला’ म्हणतात.

हिब्रूतला ‘एलोहीम’ आणि येशूच्या बोलीतला, म्हणजे अरामीतला ‘अलाहा’ हे त्याच कुळातले शब्द. बायबलातलं येशूचं ‘एलोई, एलोई’ आठवा (मार्क १५:३४). ‘माझ्या देवा’ ही ती हाक.

दोन्ही धर्मांची देवाबद्दलची शिकवण वेगळी आहे, त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही ख्रिस्ती शिकवण) तर ठाम मतभेद आहेत. पण तो वाद शिकवणीचा. शब्द मात्र सख्ख्या भावंडांसारखे आहेत.